ओसरीचा खांब आणि त्याचा लाकडी साज : नागपूरच्या घरबांधणीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ओसरी, खांब, तळखडा, सागवान, लाकडी आच्छादन, वाडा-स्थापत्य

प्रास्ताविक

घराच्या दर्शनी भागात ओसरीला जे स्थान आहे, तेच ओसरीत खांबाला आहे. येणाऱ्याची पहिली नजर खांबावर पडते, निरोप देताना हात खांबावर टेकतो आणि लग्नकार्यात केळीचा घड व आंब्याची डहाळी खांबालाच बांधली जाते. नागपूर शहरातील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या बहुसंख्य घरांत हा खांब मात्र अगदी साधा आहे. नऊ इंची चौकोनी काँक्रीटचा, विटांचा किंवा नुसत्या लोखंडी नळाचा. अशा खांबाला सागवानी फळ्यांचे, पट्ट्यांचे वा कोरीव तुकड्यांचे आच्छादन करून जुन्या वाड्याचे रूप देण्याची आवड अलीकडे वाढलेली दिसते. गृहअर्थशास्त्राच्या वर्गात गृहसजावट शिकविताना विद्यार्थिनी या विषयावर वारंवार प्रश्न विचारतात. परंतु त्यांचे प्रश्न बहुधा रंगाचे, नक्षीचे आणि खर्चाचे असतात. आत काय चालले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेखिकेनेही ते विचारले नव्हते. माहेरचे घर १९७९ सालचे. पुढच्या ओसरीवर कवेलूंचे छप्पर आणि त्याखाली तीन इंची लोखंडी नळाचे तीन खांब. २०१२ साली धाकट्या बहिणीच्या लग्नानिमित्त एका ठेकेदाराकडून या खांबांना सागवानी पेट्या करवून घेतल्या. फरशीपासून तुळईपर्यंत अखंड फळ्या, काटकोनी कोपरे आणि वर चकचकीत रोगण. येणारे-जाणारे थांबून पाहत. २०१९ च्या पावसाळ्यात मधल्या खांबावरची तुळई बोटभर खाली बसल्याचे वडिलांच्या लक्षात आले. पेटी फोडली तेव्हा आतला नळ फरशीलगत वीतभर उंचीपर्यंत गंजून चाळणीसारखा झालेला होता. छपराचा भार त्या दिवसांत प्रत्यक्षात सागाच्या पाऊण इंची फळ्यांवर होता, आणि त्याच खांबाला टेकून आजोबांची आरामखुर्ची असे. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

हा अनुभव प्रस्तुत लेखाचे निमित्त होय. लाकडी आच्छादन करावे की करू नये, हा येथील प्रश्न नाही. ते करावे, असेच लेखिकेचे मत आहे. प्रश्न असा की, साज आणि भार यांचे नाते कसे असावे. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जुन्या वाड्यांत पुष्कळ अंशी दिलेले आहे आणि ते नक्षीत नसून खांबाच्या पायथ्याशी आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

वाड्यातील खांब : भार आणि साज

मराठेकालीन वाड्यातील लाकडी खांबाची घडण ठरावीक असते. तळाशी दगडी तळखडा, त्यावर उभा लाकडी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई आणि तुळईवर कडीपाट. खांबाच्या माथ्याला कोरलेले कुसू वरच्या लाकडाच्या खोबणीत बसते. दोन खांबांमधील अंतराला 'खण' म्हणतात आणि घराचा विस्तारही खणांतच सांगितला जातो. खांबाच्या अंगावरील कोरीवकामाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे सुरूचा खांब. खाली फुगीर, पानाफुलांनी वेढलेला आणि वर निमुळता होत जाणारा, सुरूच्या झाडाची आठवण करून देणारा. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात हे खांब आजही पाहावयास मिळतात. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. या आकाराचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सतराव्या शतकात शाहजहानच्या इमारतींत तो दगडात घडला आणि पुढे दख्खनेत लाकडात उतरला. म्हणजे ज्याला आपण अस्सल लाकडी रूप समजतो, ते मुळात दगडाचे आहे. एका द्रव्याचे रूप दुसऱ्या द्रव्याला देण्यात काही तरी खोटेपणा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

याहून महत्त्वाची बाब महिरपीची. दोन खांबांमधील पाकळ्यापाकळ्यांची लाकडी कमान पाहून ती तुळईला आधार देत असावी, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ती भार वाहत नाही. ती फळ्यांची, खांबांच्या मधे बसविलेली असते. भार तुळईवरून हस्तावर, हस्तावरून खांबावर आणि खांबावरून तळखड्यावर जातो. महिरप काढून ठेवली तरी वाडा उभाच राहतो. कमानीवर लोंबणारे केळफूलही बहुधा वेगळे कोरून जोडलेले असते. थोडक्यात, वाड्याच्या कारागिराला 'जोडलेला साज' ही कल्पना अपरिचित नव्हती. तो फक्त साजाला भाराच्या वाटेत येऊ देत नसे.

ही रीत वाड्यांच्याही फार पूर्वीची आहे. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून गजपृष्ठाकार छत घडविले गेले आणि त्या दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविल्या गेल्या. डोंगराला फासळ्यांचा आधार नको होता. पूर्वीच्या लाकडी सभागृहाचे रूप दगडातही दिसावे, एवढ्यासाठीच त्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ आजही जागेवर आहेत. आच्छादन म्हणजे आधुनिक काळातील नकलीपणा, हे मत कार्ल्याच्या फासळ्यांपुढे टिकत नाही.

नागपूरपुरते बोलावयाचे तर, आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण आज अस्तित्वात नाही. महाल भागातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा आणि विपुल लाकडी कोरीवकामाने सजलेला होता. संस्थान १८५४ साली खालसा झाले आणि त्यानंतर दहाच वर्षांत, १८६४ मध्ये, राजवाडा आगीत भस्मसात झाला. उरला तो नगारखान्याचा दरवाजा. पुण्याच्या शनिवारवाड्याचीही १८२८ च्या आगीत हीच गत झाली आणि तेथेही दगडी तट व जोती तेवढी राहिली. जेथे भार आणि साज दोन्ही लाकडाचेच होते, तेथे आगीने दोन्ही नेले. काँक्रीटच्या खांबावरील लाकडी आच्छादनाबाबत ही भीती पुष्कळ कमी असते, हा त्याचा एक गुणच म्हणावा लागेल. मात्र याच आच्छादनाच्या पोकळीतून विजेच्या तारा नेण्याची जी पद्धत पडली आहे, ती हा गुण घालवून बसते. दिव्यासाठी तार न्यावयाची असल्यास ती वेगळ्या नळीतून, आच्छादनाच्या बाहेरून किंवा भिंतीवरून न्यावी.

साधा खांब कोठून आला

या भागावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उभे राहिले आणि त्यांच्या रुंद व्हरांड्यांत विटांचे, चुन्याने गिलावा केलेले जाड खांब आले. १९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत शहराभोवती आखीव वस्त्या वाढल्या. नोकरदार मध्यमवर्गाने कर्ज काढून बांधलेल्या या घरांत ओसरी राहिली, पण खांबावर खर्च करण्याची ऐपत नव्हती. लोखंडी नळ स्वस्त होता, काँक्रीटचा खांब टिकाऊ समजला जाई. साधेपणा हा त्या पिढीचा सौंदर्यविचार नसून तिचे अंदाजपत्रक होते. आज त्यांची मुले त्या खांबांना साज चढवू पाहतात, यात वडीलधाऱ्यांचा अवमान नाही.

लाकडाची निवड

विदर्भात सागवानाविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी. गडचिरोलीतील आलापल्ली आणि चंद्रपूरकडील जंगलांतील साग पूर्वी 'सी. पी. टीक' या नावाने देशभर ओळखला जाई. बल्लारशाहच्या आगारातून त्याचा लिलाव होतो. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान मिरवणुकीने रवाना झाले, ते तेथूनच. त्याच वर्षी मे महिन्यात उद्घाटन झालेल्या दिल्लीतील नव्या संसद भवनासाठीही नागपूरचा साग वापरण्यात आला.

परंतु साग म्हणजे सरसकट टिकाऊ, हा समज घातक आहे. टिकतो तो गाभ्याचा तपकिरी-सोनेरी भाग. सालीलगतचे फिकट लाकूड, ज्याला शास्त्रीय भाषेत रसकाष्ठ म्हणतात आणि सुतार नुसते 'कच्चे' म्हणतात, वाळवी आणि भुंगा दोन्ही खातात. भारतात लाकडाच्या टिकाऊपणाचे वर्गीकरण करताना जमिनीत पुरलेल्या नमुन्यांचे सरासरी आयुष्य पाहिले जाते. १२० महिने वा अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात येते. साग पहिल्या वर्गात आहे, पण हे वर्गीकरण गाभ्याच्या लाकडाचे असते. लागवडीतील कमी वयाच्या झाडात कच्च्या भागाचे प्रमाण अधिक असते. आच्छादनाच्या फळ्या पातळ असल्यामुळे त्यांत तो हमखास येतो आणि रोगण चढले की नजरेस पडत नाही. म्हणून फळी रोगणापूर्वी, दोन्ही बाजूंनी पाहून घ्यावी.

कोरीव भागासाठी शिवण हे लाकूड विचारात घेण्यासारखे आहे. ते हलके, कोरण्यास मऊ असून वाळताना फारसे वाकत नाही. ऐन आणि बाभूळ मजबूत आहेत. परंतु त्यांतील टॅनिनमुळे ओल्या हवेत लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पसरतात. त्यांच्यासाठी पितळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरावेत. खरेदी करताना पावती आणि वाहतूक परवान्याची नोंद पाहावी, हे सांगणे शिक्षकी वाटेल, तरी सांगितले पाहिजे.

जुन्या वाड्यांच्या खांबांविषयी येथेच बोलून घेतलेले बरे. वाडा पाडला की त्याचे लाकूड विक्रीस येते आणि कोरीव खांब उभा चिरून त्याच्या दोन फाकी एखाद्या नळाभोवती बसवून देणारेही भेटतात. लेखिकेच्या मते हे करू नये. शंभर-दीडशे वर्षे भार वाहिलेला अखंड खांब सालपटासारखा वापरणे हा त्याचा उपयोग नव्हे. तो घ्यावयाचाच असेल तर खांब म्हणूनच उभा करावा. पाडलेल्या छतांच्या पाटया, दारांच्या फळ्या आणि तुटलेल्या कठड्यांचे तुकडे मात्र आच्छादनासाठी उत्तम होत. ते इतकी वर्षे सुकलेले असतात की, नव्या लाकडाइतके ते पुन्हा पीळ खात नाहीत.

नागपूरची हवा आणि लाकडाची हालचाल

लाकूड कापल्यावरही हवेशी देवाणघेवाण करीतच राहते. हवा दमट झाली की ते ओलावा घेऊन फुगते आणि कोरडी झाली की आकसते. ही हालचाल लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत असते. सागाची फळी ज्या पद्धतीने खोडातून काढली असेल, त्यावर तिचे प्रमाण ठरते. वर्षवलयांना समांतर कापलेली फळी, त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीच्या सुमारे दुप्पट हलते. पहिल्या प्रकारच्या फळीत ओलाव्याचा एक टक्का फरक पडला की रुंदी साधारणतः एक पंचमांश टक्क्याने बदलते.

आता नागपूरचे वर्ष पाहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो, आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओले धोतर तासाभरात कडक होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा पाण्याने जड होते. वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. या दोन टोकांमध्ये उघड्या ओसरीतील फळीच्या ओलाव्यात आठ-दहा टक्क्यांचा फरक पडणे अशक्य नाही. म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीची फळी उन्हाळा ते पावसाळा या काळात दोन ते तीन मिलिमीटर हलू शकते. ऐकताना हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु काँक्रीटच्या खांबाला घट्ट चिकटवून बसविलेल्या पेटीला एवढी हालचाल करण्यास जागाच नसते. पावसाळ्यात केलेली घट्ट पेटी पुढच्या मे महिन्यात आतल्या खांबावर आवळते आणि फळी मधोमध उभी चिरते. भर उन्हाळ्यात केलेली पेटी ऑगस्टमध्ये फुगून कोपरे उचकटते. पॉलिश करणाऱ्याने लांबी भरून ही चीर बुजविली तरी ती दरवर्षी उघडते. दोष त्याच्या हाताचा नाही.

यावर उपाय म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, फळ्या कामाच्या जागी आणून, सावलीत, मधे पट्ट्या घालून निदान तीन-चार आठवडे रचून ठेवाव्यात. शक्यतो काम पावसाळा सरल्यावर, दसरा ते संक्रांत या काळात करावे. तेव्हा ओलावा दोन टोकांच्या मध्यावर असतो. दुसरी, खांब आणि फळी यांच्यामध्ये उभ्या रिपा ठोकून बारा ते वीस मिलिमीटरची पोकळी ठेवावी आणि रिपा खांबाला, तर फळ्या रिपांना लावाव्यात. तिसरी, रुंद फळीऐवजी अरुंद फळ्या वापरून त्यांचा सांधा वरून पट्टीने झाकावा. पट्टी एकाच बाजूच्या फळीला पक्की करावी, दुसरी फळी तिच्याखाली मोकळी सरकू द्यावी. वाड्यांच्या छतांतील पाटयांच्या सांध्यांवर ज्या पट्ट्या दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. खालून माती गळू नये आणि लाकूड हलले तरी फट दिसू नये, ही कामे त्या करतात. चौकोनी पेटीच्या कोपऱ्यांनाही हाच न्याय लावता येतो. पंचेचाळीस अंशांत जोडलेला कोपरा पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि पहिल्या वर्षात उघडतो. त्यापेक्षा एक फळी दुसरीवर आणून कडेला गोलसर पट्टी बसवावी. सागाच्या अंगचे तेल सरसाला धरू देत नाही. म्हणून जेथे चिकटविणे अपरिहार्य आहे, तेथे जोडाची बाजू आधी द्रावकाने पुसून लगेच चिकटवावी.

पायथा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा होय. एम.फिल.च्या लघुप्रबंधानिमित्त महाल आणि इतवारी भागांतील काही जुन्या ओसऱ्या मोजण्याचा योग आला होता. त्या वेळी नोंदवहीत हस्त, महिरपी, केळफुले यांची चित्रे भरली आणि तळखड्यांची केवळ उंची लिहून ठेवली. माहेरचा खांब फोडल्यानंतर तीच नोंदवही पुन्हा काढून पाहिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या ओसऱ्यांत तळखडा फरशीच्या वर पूर्ण दिसत होता, तेथे खांबाचा पाय बहुधा शाबूत होता. ज्या ठिकाणी पुढच्या पिढ्यांनी मूळ जमिनीवर शहाबादी, तिच्यावर मोझाइक आणि तिच्यावर आणखी गुळगुळीत फरशी घालून पातळी चढवीत नेली होती आणि तळखडा फरशीत बुडाला होता, तेथे लाकूड पायाशी मऊ पडलेले, काही ठिकाणी वाळवीने पोखरलेले होते. कोरीवकाम वर जसेच्या तसे होते.

तळखड्याचे काम लाकडाला ओलाव्यापासून उचलून धरणे हे आहे, एवढे पुस्तकांत सांगितलेले असते. पण तो आणखी एक काम करतो. तो दिसतो. वाळवी उजेडात उघडी चालत नाही. जमिनीतून लाकडापर्यंत जाताना तिला मातीची नळी बांधावी लागते. दगडाच्या उघड्या वीतभर अंगावर ती नळी उमटली की सकाळी केर काढणाऱ्या बाईच्या नजरेस पडते आणि केरसुणीच्या एका फटकाऱ्याने मोडते. तळखडा ही घराच्या तपासणीची जागा आहे. फरशीपासून तुळईपर्यंत अखंड उतरलेली फळ्यांची पेटी नेमकी ही जागा झाकते. आतल्या पोकळीत वाळवीला अंधार, ऊब आणि थेट वर जाणारा रस्ता तिन्ही मिळतात. फरशी धुताना पेटीच्या बुडाशी शिरलेले पाणी नळाला वा सळयांना गंजवीत राहते.

गंजाचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या काही पटींनी वाढते. काँक्रीटमधील सळई गंजली की ती भोवतालचे काँक्रीट आतून फोडते. उभी चीर पडते, तपकिरी ओघळ येतात, टवका निघतो. ही सारी लक्षणे बाहेरून दिसणारी आहेत. सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर असेल तर हे घडण्यास पुष्कळ काळ लागतो. आयएस ४५६ या २००० सालच्या प्रमाण-संहितेत खांबांसाठी हा थर सामान्यतः ४० मिलिमीटर सांगितला आहे. जुन्या घरांतील बारीक खांबांत तो तितका असतोच असे नाही. नळाचे खांब तर फरशीच्या रेषेशी, जेथे पाणी साचते तेथेच, प्रथम जातात. आच्छादन करण्यापूर्वी खांब पायथ्याशी खरवडून, हातोडीने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला, टवका पडला किंवा नळाला खिळा रुतला, तर सुताराआधी स्थापत्य अभियंत्यास बोलवावे. दुखणे झाकणारा साज दुखण्याहून वाईट असतो. कारण त्यानंतर कोणी पाहत नाही.

खांब शाबूत असल्यास वा दुरुस्त झाल्यावर पायथ्याची रचना पुढीलप्रमाणे करता येते. लाकडी आच्छादन फरशीपासून निदान वीतभर वर थांबवावे. खालच्या भागात दोन तुकड्यांचा दगडी तळखडा खांबाभोवती जोडावा. काळा पाषाण मिळाल्यास उत्तम. दगडाचा माथा बाहेरच्या बाजूस किंचित उतरता ठेवावा, म्हणजे पाणी लाकडाखाली न जाता बाहेर ओघळेल. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये बोटभर फट राहू द्यावी आणि तीत बारीक जाळी बसवावी. आच्छादनाच्या माथ्याशीही तुळईखाली अशीच फट ठेवावी. खालून वर हवा खेळली की पोकळी कोरडी राहते. फळीचे खालचे टोक आतल्या बाजूस तिरके कापावे आणि त्या कापलेल्या टोकाला सर्वांत आधी तेल पाजावे, कारण लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांनी. फरशीलगतच्या भेगांत वाळवीरोधक प्रक्रिया करून घ्यावयाची असल्यास, वापरात असलेल्या इमारतींसाठीची पद्धत आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. हे काम शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करवावे.

दोन तुकड्यांचा दगड हे ऐकताना खर्चिक वाटते. प्रत्यक्षात कोरीव महिरपीच्या तुलनेत तो खर्च अल्प असतो. तरीही अंदाजपत्रक कमी करण्याची वेळ आली की पहिल्यांदा तोच गाळला जातो, कारण नक्षी शेजाऱ्यांना दिसते आणि पायथा दिसत नाही. लेखिकेला विचारल्यास, महिरप गाळावी.

प्रमाण आणि रोगण

तीन इंची नळाला पेटी करून बारा इंची खांब घडविला, तर नऊ फूट उंचीच्या ओसरीत तो उपाहारगृहाच्या दाराशी उभा असल्यासारखा दिसतो. घराच्या ओसरीला सहा-सात इंचांची जाडी पुरते. नऊ इंची काँक्रीटच्या खांबाला मात्र पोकळी आणि फळी धरून बारा इंचांखाली येता येत नाही. अशा खांबावर सुरूचा आकार कोरण्याचा हट्ट धरू नये. उभ्या पट्ट्या, साधी चौकट आणि माथ्याला दोन हस्त एवढ्याने तो सडसडीत वाटतो. हे हस्त तुळईला टेकलेले दिसावेत, पण तिला उचलण्याचा आव आणू नये, म्हणजे त्यांच्या माथ्याशी कागद सरकेल एवढी जागा राहू द्यावी.

रोगणाच्या बाबतीत काचेसारखा चकचकीत जाड थर ओसरीसाठी योग्य नाही. लाकूड हलले की तो तडकतो, तडीतून पाणी आत जाते आणि पुन्हा लावण्यासाठी सगळा खरवडून काढावा लागतो. विदर्भ हा जवसाचा प्रदेश. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, दिल्यास लाकूड मऊ उजळते. ऊन लागणाऱ्या बाजूला वर्षाआड एक हात पुन्हा द्यावा लागतो. हे कष्ट आहेत, हे मान्य. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. तेलाचा नको असेल त्याने बाहेरच्या वापरासाठीचे, अतिनील किरणांना तोंड देणारे रोगण घ्यावे. मात्र फळीला आतल्या बाजूनेही तितकेच हात द्यावेत. एकच बाजू बंद केलेली फळी दुसऱ्या बाजूने ओलावा घेते आणि पन्हळीसारखी वाकते.

माहेरच्या ओसरीचे काम २०२० च्या जानेवारीत पुन्हा केले. नळाचे तिन्ही खांब बदलून जस्तलेपित नवे उभे केले. त्यांच्या बुडाशी फरशीच्या वर दोन इंच काँक्रीटचा उंचवटा घेतला आणि भोवती काळ्या दगडाच्या जोडफाकी लावल्या. जुन्या पेट्यांच्या फळ्यांपैकी गाभ्याच्या होत्या तेवढ्या रंधून पुन्हा वापरल्या. कच्च्या होत्या त्या बंबात गेल्या. प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूची खालची फळी चार पितळी स्क्रूंवर बसविलेली आहे आणि स्क्रूंची डोकी मुद्दाम उघडी ठेवली आहेत. सुताराला ते आवडले नाही. डोकी दिसता कामा नयेत, असे त्याचे म्हणणे होते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी, शस्त्रे पुसताना, वडील त्यांतला स्क्रूड्रायव्हर वेगळा काढतात आणि तिन्ही फळ्या उघडून आत विजेरी मारून पाहतात. गेल्या दसऱ्याला मधल्या खांबाच्या दगडावर मातीची बोटभर नळी चढलेली आढळली. ती लाकडापर्यंत पोहोचली नव्हती. खरवडून, औषध सोडून, फळी पुन्हा लावण्यास पाऊण तास लागला.